साळुबाईनं भरून दिलेला टीव्ही

तळेघरच्या पुढं डांबर संपतं, आणि तिथून तासभर चढत गेलं की सतरा घरांची भोकरवाडी लागते. भात झोडून झालं, नाचणी कणगीत पडली की ही वाडी दाराला कुलपं लावते आणि खाली उतरते. कांद्याच्या लागणीला. कुणी नारायणगावच्या बाजूला, कुणी महाळुंगे पडवळला, बांधाच्या कडेला पाल ठोकून शिमग्यापर्यंत राहायचं. शिकणारी पोरं आश्रमशाळेत, तान्ही आईबरोबर, आणि म्हातारी माणसं ती तान्ही सांभाळायला. मागं राहायची ती एकटी साळुबाई.

तिला मूलबाळ नव्हतं. नवरा रामदास ऐन चाळिशीत तापानं गेला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं तिनंही खाली जाऊन कांदा लावला, दिवसभर वाकून, चिखलात पाय सोलवटून. मग एका वर्षी कमरेनं दगा दिला आणि वाकलेली साळुबाई सरळ होईना. त्या साली शेजारच्या कोंडाबाईनं जाताना आपल्या घराची चावी तिच्या हातात ठेवली. म्हणाली, "साळे, तू हाईसच हितं, तर सांजचा दिवा लाव माज्या देवापुढं. कोंबड्यांना दाणं टाक." पुढच्या साली पाच चाव्या झाल्या. त्याच्या पुढच्या साली सोळा. वाडीतल्या प्रत्येक घराची.

अक्षर तिला येत नव्हतं. म्हणून ज्या घराची चावी त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी ती चावीला बांधायची. कोंडाबाईची हिरवी, बाळासाहेबाच्या मंगलची जांभळी ठिपक्यांची. सगळ्या चाव्या एका काथ्याच्या दोरीत ओवून कमरेला, माणसं परत आल्यावरही तिथंच. रोज सकाळी सोळा अंगणं झाडायची, कोंबड्यांना नाचणी टाकायची, उंदरांनी कणगी फोडलीय का बघायची, दिवेलागणीला सोळा घरांत सोळा दिवे लावायची. शिमग्याला माणसं परत आली की दर घरातून पायलीभर तांदूळ मिळायचे. पण तांदळासाठी ती हे करत होती असं कुणी म्हटलं तर त्याला माणूस कळत नाही असं समजावं. "साळुबाईकडं चावी म्हंजी भैरोबाकडं चावी," असं वाडी म्हणायची. हे ऐकलं की म्हातारी उगाच पदर सारखा करायची, आणि त्या दिवशी दोन घास जास्त खायची. शेत नाही, पोर नाही, दागिना नाही. होता तो एवढा विश्वास, आणि तो तिला पुरून उरत होता.

टीव्ही बाळासाहेबाचा गेला. वाडीत टीव्ही चार होते, पण बाळासाहेबाचा सगळ्यांत मोठा. भिंतीवर लावलेला. दोन हंगामांच्या कांद्याचे पैसे साठवून घेतलेला. पावसाळ्यात लावणीचं काम उरकलं की अर्धी वाडी त्याच्या पडवीत जमायची. शिमग्याच्या चार दिवस आधी वाडी परत आली, त्यात बाळासाहेब आणि मंगलही आले, साळुबाईकडून चावी घेतली, कुलूप काढलं, आणि आत बघतात तर भिंतीवर चार खिळ्यांची भोकं आणि मध्ये चौकोनी, धूर न लागलेला भिंतीचा पांढरा तुकडा.

कुलूप फोडलेलं नव्हतं. कौल हललेलं नव्हतं. धान्याला, भांड्यांना हात नव्हता. साळुबाई रोज आत यायची, पण खिडक्या बंद, घरात काळोख, आणि तिची नजर कणगीच्या बुडाशी आणि देवापुढच्या दिव्यापलीकडं जायची नाही.

मंगलनं हंबरडा फोडला तशी माणसं जमली. साळुबाईही आली. भिंत बघितली आणि तिला एका क्षणात सगळं कळलं.

पौषात एका दुपारी बाळासाहेबाचा पप्पू आला होता. पप्पू म्हणजे त्यांचा एकुलता एक, चाकणला कंपनीत लागलेला, बावीस-तेवीसचा. खाली तळेघरला कुणाची तरी गाडी उभी करून, एक मित्र बरोबर घेऊन चढत आला. "आज्जी, आईला गोधड्या पायजेल. लई गारठा हाये खाली. चावी द्या." घरच्याच पोराला घरची चावी द्यायला विचार कसला करायचा? तिनं दिली. वर काळा चहा करून पाजला. मग दोघं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं, रुंद असं घेऊन बाहेर आले. "आईचा मोठा आरसा हाये, काच हाये, जरा ह्या अंगानं धरा आज्जी," असं पप्पू म्हणाला, आणि तिनं ओटा उतरेपर्यंत एक टोक धरलं. तडा जाऊ नये म्हणून वरून आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून बांधायलाही दिला.

हे तिनं जसंच्या तसं, सगळ्यांसमोर सांगितलं. लपवायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

मंगलनं पदरानं तोंड पुसलं. रडणंही थांबलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आमी गोधड्या मागिवल्याच न्हाईत. आमचा पप्पू दिवाळीपासनं वाडीला आल्याला न्हाई." आणि बाळासाहेब म्हणाला, "आज्जी, तुमी काय बोलताय? सोताच्याच घरात चोरी करंल का कुनी?"

हा प्रश्न मोठा सोयीचा होता. वाडीला तो एकदम पटला. आपल्या घरात कोण चोरी करतं? परक्या घरातच चोरी होते, आणि परक्या घराची चावी कुणाच्या कमरेला होती? कोंडाबाई, जिनं पहिली चावी दिली होती, तीच म्हणाली, "तरी म्या म्हनत व्हते, माजी पितळंची परात कुटं गेली." ती परात तिच्याच पोरीच्या सासरी होती आणि हे तिलाही माहीत होतं. पण बोलायची संधी आली की माणूस काहीही आठवतो.

पोलिसात जायचं कुणी नाव काढलं नाही. पोलीस म्हणजे साऱ्या वाडीला घोडेगावचे खेटे. वाडीतला जाणता माणूस चांगदेव. तो म्हणाला, "शिमग्याला पप्पू येतोयच. भैरोबाच्या म्होरं बेलभंडारा ठिवू. दोघं उचलत्याल. दूध का दूध हुईल."

बेलभंडारा म्हणजे काय हे वाडीतल्या लेकरालाही कळतं. देवापुढच्या ताटलीतला बेल आणि हळद मुठीत घेऊन, मी खरं बोलतो असं म्हणायचं. एकदा उचलला की बोलणं संपलं, मग त्याच्यावर संशय घेणं म्हणजे देवावर घेणं. आणि दोन्ही बाजूंनी उचलला तर जो खोटा असेल त्याचं वर्षाच्या आत वाटोळं होतं, घरातलं माणूस जातं. असं दोनदा झालेलं साळुबाईनं स्वतः बघितलं होतं, निदान तिची तशी समजूत होती. म्हणून चांगदेवानं हे सुचवल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन तिनं निवांत भाकरी थापली. पोरगं देवासमोर उभं राहील आणि कबूल होईल. त्याला चार शिव्या बसतील, बाप एखादी थोबाडीत देईल, आणि झालं गेलं संपेल. शिक्षा त्याला फार होऊ नये एवढंच तिला वाटत होतं.

होळीच्या दिवशी सकाळी सगळी वाडी देवळापुढं बसली. पप्पू आला होता, केस कापून, नवा शर्ट घालून. चांगदेवानं ताटली पुढं केली आणि म्हणाला, "साळुबाई, तुमी थोरल्या. तुमी आदी."

आणि इथं म्हातारी चुकली. तिनं मान हलवली. "न्हाई चांगदेवा. आदी पोराला उचलू दे." तिच्या मनात होतं ते असं, की आपण आधी उचलला तर पोरगं कात्रीत सापडेल. खरं बोलायला त्याला जागा राहू दे. खोटा भंडारा उचलायची छाती वाडीत आजवर कुणाची झाली नव्हती, याची तर होणारच नाही. ज्या पोराला तिनं मांडीवर घेऊन गूळ चाटवला, ते पोर देवाच्या दारात खोटं बोलेल हे तिच्या डोक्यात मावतच नव्हतं.

पप्पू उठला, ताटलीतला बेल आणि भंडारा मुठीत घेतला आणि भाजीची जुडी उचलावी इतक्या सहज म्हणाला, "मी वाडीला आलो न्हाई. टीव्हीला हात लावला न्हाई." हात झटकले, हळद पँटला पुसली आणि बसला. चाकणला चार वर्षं काढलेल्या पोराला त्या पिवळ्या पुडीची भीती राहिली नव्हती. ही गोष्ट वाडीला माहीत नव्हती, आणि साळुबाईला तर नव्हतीच.

"आता तुमी," चांगदेव म्हणाला.

साळुबाई उठली, ताटलीपर्यंत गेली, हात पुढं केला, आणि तो तिथंच थांबला. समोर मंगल बसली होती, डोळे जमिनीला लावून. आता आपण उचलला की दोन भंडारे झाले. आपण खरे. म्हणजे जाणार ते पोर. वर्षाच्या आत. मंगलचं एकुलतं एक. देव काही आपल्यासारख्या म्हातारीला विचारून मारणार नाही. साळुबाईनं सगळ्यांच्या देखत हात मागं घेतला.

"न्हाई उचलत," ती म्हणाली.

"का न्हाई?"

ती परत जागेवर जाऊन बसली. काय बोलणार? पोराचा जीव वाचवतेय असं म्हटलं असतं तर लोकांनी हसून सोडलं असतं.

"कर न्हाई त्याला डर कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं. आणि बस्स, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन वाडी घरोघर पुरणपोळीचं जेवायला गेली. जाता जाता कोंडाबाईनं आपली हिरव्या चिंधीची चावी मागून घेतली. मग एकेकीनं. शेवटी काथ्याची दोरी नुसतीच राहिली.

आता ज्याच्यात शहाणपण आहे तो इथं गप्प बसला असता. पण साळुबाई गुराख्याची पोर. तिचा बाप डिंभ्याच्या अंगाला लोकांची गुरं राखायचा. एकदा बिबट्यानं पाटलाचं वासरू नेलं, तर बापानं दुसऱ्या दिवशी स्वतःची कालवड नेऊन पाटलाच्या दावणीला बांधली. कुणी मागितली नव्हती. राखणीतलं गेलं तर राखणाऱ्यानं भरायचं. चोरी कुणी का केली असेना, गेलं ते आपल्या राखणीत गेलं. त्या वेळी सारं गाव बापाच्या पाया पडलं होतं. तिला वाटलं, आपणही भरून देऊ. मग वाडीला कळेल साळुबाई काय चीज आहे, आणि चाव्या परत येतील.

तिच्याकडं पैसे होते. बाळहिरडा वेचून, वाळवून विकलेले, सहा-सात वर्षांचे, एका डब्यात. ते तिच्या मातीचे होते. पोटी कुणी नाही, तेव्हा आपलं मढं उचलायला, दहाव्याला, वाडीला जेवू घालायला कुणाच्या तोंडाकडं बघायला लागू नये म्हणून ठेवलेले. मंगल पाण्याला गेलेली बघून ती त्यांच्या ओसरीवरून आत गेली, भिंतीवरच्या पांढऱ्या तुकड्याची लांबी सुतळीनं मोजली आणि गाठ मारून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं घोडेगावला गेली.

दुकानदारानं ती सुतळी बघितली आणि त्याला हसू आलं. पण माणूस बरा होता. "नातवाला घेताय का आजी?" त्यानं विचारलं.

"व्हय," साळुबाई म्हणाली. खरं सांगत बसली असती तर यष्टी चुकली असती.

तळेघरला उतरली तेव्हा उन्हं तापली होती. खोकं हलकं होतं पण रुंद होतं, वारा आला की डोक्यावर फिरायचं. चुंबळ करून, दोन्ही हातांनी धरून, थांबत थांबत ती दोन तासांनी वाडीत पोचली. कमरेतून कळा येत होत्या. माणसं दारादारांत उभी राहून बघत होती. कुणी खोक्याला हात लावायला पुढं आलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, सगळ्यांना दिसतंय म्हणून.

बाळासाहेबाच्या ओट्यावर खोकं उतरवून ती म्हणाली, "बाळू, माज्या राखणीत गेला. मी भरून दिला. आता माज्या मनात काय न्हाई."

बाळासाहेब खोक्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "इतकं पैसं आलं कुठनं, आज्जी?"

एवढंच. आणि तेवढ्या एका प्रश्नात म्हातारीचा सगळा जमाखर्च आटोपला. संध्याकाळपर्यंत वाडीत एकच बोलणं. जुना विकला, मन खायला लागलं, नवा आणून दिला. खाई त्याला खवखवे. चोरी केली नसती तर भरून कशाला दिला असता? ज्यांच्या मनात अजून थोडी शंका होती, त्यांचीही फिटली. चांगदेव म्हणाला, "निदान कबूल तरी झाली, म्हातारी मानसानं आनखी काय करावं?" आणि हा त्यातल्या त्यात भला माणूस. वाडीला बेलभंडाऱ्याची रीत ठाऊक होती, राखणीचीही ठाऊक होती. फक्त दुसरी आठवायची तिला त्या दिवशी गरज वाटली नाही.

तो उन्हाळा, तो पावसाळा तिनं कसा काढला ते काय सांगायचं? नवा टीव्ही भिंतीवर चढला. पडवीत माणसं जमायची. एकदा साळुबाई कडेला जाऊन बसली, तर कोंडाबाईनं शेजारची चटई उचलून पलीकडं टाकली. बाया हिरडा वाळत घातलेला असला की साळुबाई जवळून जाईपर्यंत पोराला राखणीला उभं करायच्या. पोरं चोर-शिपाई खेळायची तेव्हा चोराला आज्जी म्हणायची. टीव्ही कुणाच्या मातीच्या पैशांचा आहे हे विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि चित्र म्हणे जुन्यापेक्षा स्वच्छ यायचं.

एक माणूस मात्र कधी त्या टीव्हीसमोर बसला नाही. मंगल. श्रावणात एका दुपारी ती साळुबाईच्या दारात आली, पदराखाली वाटीभर खीर घेऊन. खाली ठेवली, पण आत आली नाही.

"आज्जी, मला ठावं हाये," ती म्हणाली. "मला त्याच दिशी ठावं झालं. त्यानं मोबाईलवरच्या जुगारात घातला."

साळुबाई उंबऱ्यापाशी आली. "मग बोल की बाई. येकदा चांगदेवाला सांग. मी पैसं मागत न्हाई. नुसतं सांग."

"त्यानं भंडारा उचललाय, आज्जी. आता खरं भाईर आलं तर त्याचं काय हुईल? तुमी तर हात मागं घेतला. माज्यासाटीच घेतला, मला कळतंय." मंगलनं वाटी आत सरकवली. "तुमचं काय, तुमचं आता किती राह्यलंय? त्याचं सगळं म्होरं हाये."

ती हे काही दुष्टपणानं बोलली नाही. हिशेब सरळ होता, आणि साळुबाईलाही तो कळला. खीर गोड होती. तिनं ती कुत्र्याला घातली.

मार्गशीर्षात वाडी पुन्हा खाली निघाली. पप्पूची कंपनी सुटली होती, तो घरीच होता. चाव्या यंदा त्याच्याकडं ठेवायच्या असं ठरलं, जवान पोरगं आहे, देवापुढं खरा उतरलेला. आणि चांगदेव साळुबाईच्या ओट्यावर येऊन बसला.

"तुमी यंदा आमच्यासंगं चला. पालावर पोरं सांबाळा."

"मला वाकता येत न्हाई, चांगदेवा. त्या गारठ्यात जमिनीवर कसं निजायचं मी? हितं बरी हाये."

"ते खरं," तो म्हणाला, आणि जरा घुटमळला. "पन सगळी रिकामी घरं, आन तुमी येकट्या मागं. लोकांचं मन लागत न्हाई खाली."

साळुबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती उठली आणि दोन लुगडी गाठोड्यात बांधू लागली.

खाली पिकअप उभी होती, तिथवर बाया तिला घेऊन निघाल्या, एक पुढं, एक मागं. तेवढ्यात पप्पू आला. कमरेला सोळा चाव्यांचा जुडगा. "आज्जी, कोंडाबाईच्या कोंबड्यांना नाचणी का भात?" त्यानं विचारलं. ती थांबली आणि तिनं सगळं सांगितलं. कुठलं दार पावसानं फुगलंय, कुणाच्या देवाला गोडं तेल लागतं, कुठल्या कणगीला उंदीर लागतात. चुकून एखाद्या घरात दिवा लावायचा राहू नये म्हणून क्रमसुद्धा सांगितला. पोरगं नीट ऐकत होतं.

मग ते तिच्या घराकडं वळलं. खिशातून एक नवं कुलूप काढलं, तिच्या दाराची कडी ओढली, कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि ती चावीही जुडग्यात अडकवली.

"माज्या घरात काय हाये रं, नेन्याजोगं?" साळुबाई म्हणाली.

"असूं द्या, आज्जी," तो म्हणाला. "चोऱ्या लई वाढल्यात."

"पोरगं गुणाचं हाये," कोंडाबाई म्हणाली, आणि म्हातारीला दंडाला धरून उतारावर घेऊन गेली.